न केलेल्या शस्त्रक्रियांचे मोल : अमेरिकेतील माजी सैनिकांच्या एका रुग्णालयाचा रक्तवाहिनी विभाग

अमेरिकेचे केंद्र सरकार आपल्या माजी सैनिकांसाठी जी रुग्णालये चालवते, त्यांपैकी एका रुग्णालयातील रक्तवाहिनी शल्यचिकित्सा विभागाचे, म्हणजे तिथे सगळे ज्याला नुसते ‘व्हॅस्क्युलर’ म्हणतात त्या विभागाचे, हे परीक्षण आहे. रुग्ण माझे सासरे. ते व्हिएतनाममध्ये लढलेले, मधुमेही आणि तरुणपणी लागलेली सिगारेट साठीनंतर कशीबशी सोडलेले गृहस्थ आहेत. मी स्वतः दुसऱ्या एका खासगी रुग्णालयात रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करण्याचे काम करते, त्यामुळे अशा विभागात खरोखर काय नीट चालले आहे आणि काय नुसते नीट चालल्यासारखे दिसते, हे मला थोडेफार ओळखता येते. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे रुग्णालयाचे नाव आणि गाव मी देत नाही. ज्यांच्या घरात असा माजी सैनिक आहे, त्यांना आपल्या जवळच्या रुग्णालयात काय पाहावे आणि काय विचारावे हे कळले तरी या लेखाचे काम झाले.

रुग्णसेवेविषयी लिहिताना सहसा डॉक्टरांचा स्वभाव, परिचारिकांची आपुलकी आणि गाडी लावण्याची सोय यांवर लिहिले जाते. तेही थोडे येईल. माझे मत मात्र मुख्यतः विभागप्रमुखांच्या कामावरून बनले आहे. शल्यचिकित्सा विभागाचा प्रमुख म्हणजे सर्वांत अवघड शस्त्रक्रिया करणारा माणूस, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इथल्या प्रमुख, ज्या स्वतः उत्तम शल्यचिकित्सक आहेत, त्यांचा बराचसा वेळ कोणावर शस्त्रक्रिया करायची नाही, कोणावर आज न करता काही महिने वाट पाहायची आणि कोणाला आज संध्याकाळच्या आत टेबलावर घ्यायचे, हे ठरवण्यात जातो. आणि त्या रजेवर असल्या तरी हेच निर्णय याच पद्धतीने व्हावेत, अशी घडी बसवण्यात जातो. ही घडी कुठे पक्की आहे आणि कुठे सुटते, याकडे मी लक्ष देत होते.

आधी इथे येणाऱ्या रुग्णांविषयी सांगितले पाहिजे, कारण त्यांच्यावाचून या विभागाच्या कामाचा अंदाज येत नाही. बहुसंख्य रुग्ण वृद्ध पुरुष आहेत आणि त्यांतल्या अनेकांनी उमेदीची सगळी वर्षे धूम्रपान केलेले आहे. अमेरिकन सैनिकांच्या शिधापाकिटात १९७५पर्यंत सिगारेट मिळत असे, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पिढीला हे व्यसन सरकारी खर्चाने लागले, आणि आता त्यामुळे आकसलेल्या धमन्यांचा खर्चही सरकारच करते. त्यात भर अमेरिकी सैन्याने व्हिएतनामच्या जंगलांवर फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकाची. व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या सैनिकाला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह झाला, तर तो या रसायनामुळे झाला असे २००१पासून गृहीत धरले जाते. हृदयाच्या धमन्यांचा आजार अशा गृहीत आजारांच्या यादीत २०१०मध्ये आला आणि २०२२च्या कायद्याने उच्च रक्तदाबही आला. पायांच्या धमन्यांचा आजार त्या यादीत स्वतंत्रपणे नाही, पण मधुमेहातून उद्भवलेला आजार म्हणून त्याच्या भरपाईचा दावा करता येतो. ही गोष्ट आम्हाला डॉक्टरांनी नव्हे, तर प्रतीक्षाकक्षात शेजारी बसलेल्या एका माजी नौसैनिकाने सांगितली. विभागाने निदान एक छापील पत्रक तरी ठेवायला हरकत नव्हती.

आमचा प्रवेश या विभागात पायाच्या वाटेने झाला. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत पाय कापावा लागू नये यासाठी देशव्यापी कार्यक्रम चालतो, ज्याचे ‘पेव्ह’ हे लघुनाव तिथे सर्वांच्या तोंडी असते. त्यानुसार नेहमीच्या तपासणीतच परिचारिका बूटमोजे उतरवायला लावते, नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून संवेदना पाहते, पायावरची नाडी चाचपते आणि पायाला शून्य ते तीन असा जोखमीचा अंक देते. सासऱ्यांच्या पायाच्या दुसऱ्या बोटावर एक लहान चिघळलेली जखम होती, जिच्याविषयी त्यांनी घरात कोणाला अवाक्षर सांगितले नव्हते. त्या दिवशी अंक तीन झाला आणि रक्तवाहिनी विभागाकडे संगणकावरून विनंती गेली. खासगी व्यवस्थेत अशा विनंतीला सहसा कारकून पुढच्या मोकळ्या तारखेचा आकडा लावतो. इथे विभागप्रमुख रोज सकाळी आलेल्या सगळ्या विनंत्या स्वतः वाचतात, असे तेथील परिचारिकेने आम्हाला सांगितले. कोणाला नुसता लेखी सल्ला पुरेल, कोणाला पुढच्या महिन्यात बोलवायचे आणि कोणाची जखम थांबू शकत नाही, ही निवड कागदावरच होते. आम्हाला त्याच आठवड्यात बोलावणे आले. गुडघे दुखतात म्हणून पाठवल्या गेलेल्या आमच्या एका परिचितांना मात्र ‘तुमची नाडी उत्तम आहे, अस्थिरोग विभागाकडे जा’ असे उत्तर आले आणि ते बरेच नाराज झाले. माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते.

तपासणीची प्रयोगशाळा हा माझ्या रोजच्या कामाचा प्रांत असल्याने तिथे मी जरा तिखट नजरेने बसले होते. घोट्याजवळचा आणि दंडावरचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढणे ही पायाच्या रक्तपुरवठ्याची पहिली चाचणी. ते ०.९च्या खाली गेले की धमनीत अडथळा आहे असे समजतात. मधुमेहात ही चाचणी फसवते, कारण धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती इतकी कडक होते की पट्टा कितीही फुगवला तरी दाबली जात नाही. मग गुणोत्तर सामान्य किंवा १.४च्याही वर येते आणि अहवालावर ‘ठीक’ लिहून रुग्ण घरी पाठवला जातो. अशा ‘ठीक’ अहवालांनंतर काही महिन्यांनी काळे पडलेले बोट घेऊन आलेले रुग्ण मी माझ्या नोकरीत पाहिले आहेत. इथल्या तंत्रज्ञाने घोट्याचा आकडा संशयास्पद दिसताच, कोणी न सांगता, पायाच्या बोटातला दाब मोजायला घेतला. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्याही खाली होता, म्हणजे रक्तपुरवठा वाढवल्याशिवाय जखम भरण्याची आशा जवळजवळ नव्हती. विचारल्यावर त्याने सांगितले की मधुमेही रुग्णाच्या बोटाचा दाब मोजल्याशिवाय अहवाल पुरा धरायचा नाही, असा प्रमुखांचा नियमच आहे. विभागाचे नेतृत्व कसे आहे हे मला त्याच खोलीत पहिल्यांदा कळले, प्रमुखांची भेट होण्याच्या आधी.

याच तपासण्यांत दुसरी गोष्ट उघड झाली. ज्यांनी कधीही धूम्रपान केले आहे अशा ६५ ते ७५ वर्षांच्या पुरुषांच्या पोटाची एकदा सोनोग्राफी करून महाधमनीला फुगवटा आहे का ते पाहावे, अशी अमेरिकेत शिफारस आहे. सासऱ्यांची ती कशी कोण जाणे राहून गेली होती. ती केली, तेव्हा ४.६ सेंटिमीटरचा फुगवटा निघाला. घरात अर्थातच घबराट झाली. माझ्या नवऱ्याचे म्हणणे असे की पोटात बॉम्ब घेऊन माणूस फिरतो आहे तर तो आजच काढा. बाहेरच्या एका डॉक्टरांनी, सासऱ्यांना न पाहताच, पोट न उघडता जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धमनीला आतून आधार देणारी कृत्रिम नळी, बसवण्याची तयारीही दाखवली होती.

प्रमुखांनी नकार दिला. तो नकार त्यांनी ज्या पद्धतीने समजावून दिला, तिला मी या सेवेतले सर्वांत मोठे मोल देते. त्यांनी सांगितले की हा प्रश्न माजी सैनिकांच्याच रुग्णालयांनी सोडवलेला आहे. ४.० ते ५.४ सेंटिमीटर फुगवटा असलेल्या १,१३६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून, एका गटावर लगेच शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्यावर नियमित नजर ठेवली. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ‘ॲडम’ चाचणीत लगेच शस्त्रक्रिया झालेले लोक अधिक जगले नाहीत, आणि नजरेखाली ठेवलेल्यांमध्ये फुगवटा फुटण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे ०.६ टक्के इतकेच निघाले. म्हणून पुरुषांत ५.५ सेंटिमीटरपर्यंत, तो वेगाने वाढत नसेल आणि दुखत नसेल तर, थांबायचे. स्टेंट-ग्राफ्टचा धोका कमी आहे ना, मग आधीच का बसवू नये, असे नवऱ्याने विचारले. त्यावर त्यांनी दुसऱ्या चाचणीचा दाखला दिला. ‘ओव्हर’ नावाच्या त्या चाचणीत ४२ रुग्णालयांतील ८८१ माजी सैनिक होते. शस्त्रक्रियेच्या आसपास होणारे मृत्यू पोट उघडलेल्या गटात ३ टक्के आणि स्टेंट-ग्राफ्टच्या गटात ०.५ टक्का होते, पण २०१९मध्ये दीर्घकाळचे निष्कर्ष आले तेव्हा एकूण आयुर्मानात दोन्ही गटांत फरक उरलेला नव्हता. शिवाय ग्राफ्ट बसवला की तो सरकतो का, कडेने रक्त झिरपते का, हे जन्मभर तपासत राहावे लागते. हे सारे त्यांनी कागदावर धमनीचे चित्र काढून, घाई न करता सांगितले. शेवटी त्या सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, “तुमच्या पोटाला आज माझी गरज नाही, पायाला आहे, आधी पायाचे बोलू या.”

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. या रुग्णालयांतले शल्यचिकित्सक पगारी असतात. बाहेर, विशेषतः डॉक्टरांच्या स्वतःच्या मालकीच्या केंद्रांत, प्रत्येक प्रक्रियेमागे पैसे मिळतात आणि पायाच्या धमन्या खरवडण्याच्या प्रक्रिया गरजेपेक्षा जास्त होतात का, यावर अमेरिकेत बरीच वर्षे वाद चालू आहे. नकार द्यायला जेव्हा काहीच गमवावे लागत नाही, तेव्हा तो देणे सोपे जाते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण पगारी डॉक्टरला होकार देण्याचीही घाई नसते, आणि पगारावरचे आळसावलेले विभाग मी पाहिलेले आहेत. म्हणून पायाच्या बाबतीत हाच विभाग किती लवकर हलतो, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटत होते.

तो लवकर हलला. मांडीपासून घोट्यापर्यंत जाणारी लांब शीर सोनोग्राफीने मोजली, ती चांगली रुंद निघाली, आणि प्रमुखांनी फुग्याने धमनी रुंदावण्यापेक्षा ती शीर वापरून अडथळ्याला वळसा देणारा बायपास करण्याचा सल्ला दिला. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेस्ट-सीएलआय’ चाचणीत, चांगली शीर उपलब्ध असलेल्या रुग्णांत बायपास सरस ठरला होता, हे मलाही माहीत होते. तरीही सोपी वाट म्हणून आधी फुगाच घालून पाहणारे विभाग कमी नाहीत. त्याआधी परिचारिकेने सासऱ्यांना काही साधे प्रश्न विचारले : वजन घटले आहे का, चालताना धाप लागते का, स्मरणशक्ती कशी आहे, अंघोळ आणि कपडे स्वतः करता का. ही जीर्णता, म्हणजे शस्त्रक्रिया सोसण्याची शरीराची ताकद किती घटली आहे ते, मोजण्याची पद्धत आहे. ओमाहा येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात ती सर्व नियोजित शस्त्रक्रियांआधी वापरली गेली आणि ज्यांचा अंक वाईट आला त्यांच्या बाबतीत शस्त्रक्रिया ठरवण्याआधी वरिष्ठांनी पुन्हा विचार करायचा, असा शिरस्ता घातला गेला. त्यानंतर जीर्ण रुग्णांमधील ३० दिवसांतले मृत्यू १२.२ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले. सासऱ्यांचा अंक बरा आला. तो वाईट आला असता तर काय केले असते, असे मी विचारले. प्रमुखांचे उत्तर असे होते की मग बायपासऐवजी लहान उपाय सुचवला असता, किंवा कदाचित फक्त जखमेची काळजी आणि वेदनाशमन, आणि हे बोलणे शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री न करता तेव्हाच, याच टेबलाशी केले असते.

शस्त्रक्रिया कोण करणार, हा प्रश्न या रुग्णालयांत विचारलाच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर या रुग्णालयांची अवस्था वाईट होती. ३० जानेवारी १९४६ रोजी, जनरल ओमर ब्रॅडली माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख असताना, या रुग्णालयांना वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचे धोरण जाहीर झाले आणि तेव्हापासून विद्यापीठातले निवासी डॉक्टर इथे शिकतात. त्यामुळे देशातल्या बहुसंख्य डॉक्टरांच्या शिक्षणाचा काही ना काही भाग अशा रुग्णालयात झालेला असतो. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर याचा अर्थ, आपल्या पायावर कोणीतरी हात बसवत असणार. आमच्या प्रश्नाला प्रमुखांनी वळसा घातला नाही. शीर काढण्याचे आणि वरच्या जोडाचे काम निवासी डॉक्टर करतील, घोट्याजवळचा बारीक जोड मी करेन, आणि पूर्ण वेळ मी खोलीत असेन, असे त्यांनी सांगितले. नंतर मी शस्त्रक्रियेची नोंद मागवून वाचली. तिच्यात नेमके तसेच लिहिलेले होते. निवासी डॉक्टर रोज पहाटे जखम पाहायला येत. त्यांच्या घाईचा सासऱ्यांना कंटाळा यायचा, पण बायपासमधली नाडी रोज डॉपलर या रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने ऐकून, कातडीवर शाईने खूण करून ती मंडळी जात, आणि हा शिरस्ता एकाही दिवशी चुकला नाही.

आता शस्त्रक्रियांच्या निष्कर्षांच्या हिशेबाविषयी, कारण हा भाग फारसा कोणाला माहीत नसतो. १९८५मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून या रुग्णालयांना आदेश दिला की तुमच्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष, रुग्ण किती आजारी होते हे लक्षात घेऊन, राष्ट्रीय सरासरीशी ताडून दाखवा. अशी सरासरी तोपर्यंत देशात अस्तित्वातच नव्हती. मग बॉस्टनजवळच्या वेस्ट रॉक्सबरी येथील शल्यचिकित्सक शुक्री खुरी यांच्या पुढाकाराने १९९१ ते १९९३ या काळात ४४ रुग्णालयांतून नोंदी गोळा करून पद्धत बसवली गेली. १९९४पासून ती सर्व रुग्णालयांत लागू झाली, आणि पुढच्या दशकात ३० दिवसांतील मृत्यू २७ टक्क्यांनी तर गुंतागुंती ४५ टक्क्यांनी घटल्या. २००४मध्ये ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने हीच पद्धत खासगी रुग्णालयांसाठी स्वीकारली. नोंदी डॉक्टर स्वतः भरत नाहीत; त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षित परिचारिका असते. प्रत्यक्ष झालेले मृत्यू आणि रुग्णांची स्थिती पाहता अपेक्षित असलेले मृत्यू यांचे गुणोत्तर निघते, आणि ते एकाहून बरेच वर गेले की विभागप्रमुखाला उत्तर द्यावे लागते.

या पद्धतीचा एक संभाव्य दोष सरळ दिसतो : आकडा चांगला राहावा म्हणून प्रमुख अवघड रुग्ण टाळू लागेल. रुग्णाच्या स्थितीचे वजन त्यात धरले जात असल्याने ही भीती पुष्कळ कमी होते, तरी पूर्ण जात नाही. शिवाय लहान विभागात वर्षाकाठी होणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रिया मोजक्या असतात, त्यामुळे एखाद-दुसऱ्या मृत्यूनेही आकडा हलतो. आम्ही प्रमुखांना त्यांचे आकडे विचारले तेव्हा त्यांनी ते सांगितले, आणि त्यांच्या खाली रुग्णसंख्या किती लहान आहे हेही सांगितले. दर आठवड्याला गुंतागुंतींची उघड चर्चा होते आणि प्रत्येक शल्यचिकित्सकाच्या कामाचे ठरावीक काळाने पुनरावलोकन होते, यात प्रमुख स्वतःही आल्या. पोट उघडून करायच्या महाधमनीच्या शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयात करता येत नाहीत, हेही जाणून घ्यावे. २०१०पासून या रुग्णालयांची शस्त्रक्रियेच्या क्षमतेनुसार साधी, मध्यम आणि जटिल अशी वर्गवारी आहे. आपले रुग्णालय कोणत्या वर्गात आहे, हे पहिल्याच भेटीत विचारणे योग्य.

इथवर कौतुक झाले. सेवेचे जे भाग प्रमुखांच्या हातात नाहीत, तिथे अनुभव खालावतो. शल्यचिकित्सा विभागाच्या मुख्य प्रमुखांकडून, मग वैद्यकीय अधीक्षकांकडून, मग संचालकांकडून अशा पायऱ्यांनी मंजुरी मिळते. भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, उपकरणे निर्जंतुक करणारा विभाग, अतिदक्षता विभागातील खाटा, यांपैकी काहीही व्हॅस्क्युलरच्या ताब्यात नसते. निष्कर्षांचे उत्तर मात्र त्यांनीच द्यायचे. सासऱ्यांची शस्त्रक्रिया एकदा, त्यांना उपाशी ठेवून, शिरेला सलाईन लावून झाल्यावर पुढे ढकलली गेली, कारण उपकरणांचा एक संच निर्जंतुकीकरणातून वेळेत आला नव्हता. प्रमुख स्वतः येऊन बोलल्या आणि दोन दिवसांतली पुढची जागा मिळवूनच खोलीबाहेर पडल्या. पण ज्याचे बोट काळवंडत चालले आहे त्याला दोन दिवस ही मोठीच मुदत असते. केंद्र सरकारची नोकरभरती किती संथ असते हे तिथल्या प्रयोगशाळेत दिसते : तंत्रज्ञाची एक जागा आम्ही जात होतो त्या सर्व काळात रिकामीच होती, आणि म्हणून दुपारनंतर सोनोग्राफी होत नसे. विद्यापीठाशी वाटून घेतलेल्या डॉक्टरांच्या नेमणुका इथे पूर्णवेळ कामाच्या अष्टमांशांत मोजतात. पाच अष्टमांश नेमणूक असलेला डॉक्टर नेमका कोणत्या दिवशी भेटेल हे दूरध्वनीवर उत्तर देणाऱ्या माणसाला ठाऊक नसते.

सर्वांत मोठी तक्रार बाहेर पाठवण्याच्या व्यवस्थेबद्दल आहे. २०१८च्या कायद्यानुसार तज्ज्ञाकडे जायला गाडीने सरासरी ६० मिनिटांहून जास्त लागत असतील किंवा २८ दिवसांत वेळ मिळत नसेल, तर माजी सैनिकाला सरकारी खर्चाने खासगी डॉक्टरकडे जाता येते. २०१४मध्ये फिनिक्स येथील माजी सैनिक रुग्णालयात खरा विलंब लपवणाऱ्या प्रतीक्षायाद्यांचे जे प्रकरण उघडकीस आले, त्यानंतर अशी तरतूद आवश्यकच होती. रक्तवाहिन्यांच्या आजारात मात्र तिचा एक वेगळा त्रास होतो. फुगवट्याच्या मोजणीसाठी सासऱ्यांचा सीटी स्कॅन बाहेर केला गेला. त्याच्या प्रतिमा रुग्णालयात पोचल्या तेव्हा त्या तबकडीवर होत्या आणि ती तबकडी कोणी संगणकात चढवलेली नव्हती, अहवालात ५.१ सेंटिमीटर लिहिले होते. ४.६वरून इतक्या लवकर ५.१, म्हणजे वेगाने वाढ, म्हणजे शस्त्रक्रिया, असा सरळ निष्कर्ष निघाला असता. प्रमुखांनी मूळ प्रतिमा आल्याशिवाय बोलायलाच नकार दिला, त्या मागवल्या आणि स्वतः मोजल्या. धमनी तिरकी वळते त्या जागी मोजपट्टी आडवी धरल्याने आकडा फुगला होता, खरे माप ४.७ होते. माझ्या धंद्यात ही चूक नेहमीची आहे. पण विभागात दुसऱ्या प्रकारचा प्रमुख असता, तर एका वृद्धाच्या महाधमनीत विनाकारण ग्राफ्ट बसला असता. एकाच संस्थेत, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजणे यात निम्मा उपचार असतो, आणि बाहेर पाठवण्याच्या सोयीने तेच तुटते. संस्थेची ‘व्हिस्टा’ ही जुनी संगणकीय नोंदप्रणाली दिसायला पुराणवस्तू असली, तरी देशातल्या कोणत्याही माजी सैनिक रुग्णालयातील नोंद तिच्यावर उघडते. तिची जागा घेणाऱ्या नव्या प्रणालीचे काम २०२०मध्ये सुरू झाले आणि अडचणींमुळे २०२३मध्ये थांबवावे लागले होते, हे वाचून मला नवल वाटले नाही.

या विभागात दर आठवड्याला पायांची एक बैठक होते. तिला पायांचे डॉक्टर, जंतुसंसर्गतज्ज्ञ, मधुमेहाच्या परिचारिका, कृत्रिम अवयव विभागातले कारागीर असे सगळे असतात. गुडघ्याखाली किंवा गुडघ्यावर पाय कापण्याचा निर्णय या बैठकीत मांडल्याशिवाय घ्यायचा नाही, तातडीचा प्रसंग सोडून, हा प्रमुखांचा दुसरा नियम. सासऱ्यांचे एक बोट गेले, पाय राहिला. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचा पाय गुडघ्याखाली गेला, आणि त्यांच्याशी जयपूर फूटसारख्या स्वस्त साधनांपासून संगणकीय गुडघ्यापर्यंतची माहिती असलेला तंत्रज्ञ शस्त्रक्रियेच्या आधीच येऊन बोलून गेला होता. कृत्रिम अवयवांच्या बाबतीत ही व्यवस्था खासगी विम्यापेक्षा मला निःसंशय उजवी वाटली.

तशी ही विद्याच सैनिकांच्या पायांवर वाढलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या २,४७१ धमनी-जखमांचा आढावा डिबेकी आणि सिमिऑन या शल्यचिकित्सकांनी १९४६मध्ये घेतला, तेव्हा धमनी बांधून टाकण्याचीच रीत होती आणि अशी धमनी बांधलेल्यांपैकी जवळपास निम्मे अवयव कापावे लागले होते. कोरियात धमन्या सांधायला सुरुवात झाली आणि ते प्रमाण १३ टक्क्यांवर आले. व्हिएतनामच्या जखमांची नोंदवही लष्करी शल्यचिकित्सक नॉर्मन रिच यांनी १९६६मध्ये वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात सुरू केली, आणि रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याची शिस्त तिने लावली. सासऱ्यांच्या तुकडीतला त्यांचा एक मित्र तेव्हा मांडीत बसवलेल्या शिरेवर अजून चालतो आणि याच विभागात तपासणीला येतो. प्रमुख त्याची तपासणी निवासी डॉक्टरांना मुद्दाम बोलावून करतात.

किरकोळ गोष्टी : गाडी लावायला जागा सकाळी आठनंतर मिळत नाही. जेवण बेचव आहे. पात्र रुग्णांना प्रवासखर्च मैलाला ४१.५ सेंट मिळतो, पण अर्जाचे संकेतस्थळ वृद्ध माणसाने एकट्याने वापरावे असे नाही. सेवेशी निगडित अपंगत्व ५० टक्के किंवा अधिक ठरले असेल तर उपचारासाठी खिशातून काही द्यावे लागत नाही. सासऱ्यांना सगळ्या प्रकरणात एकही बिल आले नाही.

एकंदरीत पायाच्या न भरणाऱ्या जखमेसाठी, महाधमनीच्या फुगवट्यावर नजर ठेवण्यासाठी आणि मानेतल्या धमनीच्या आकुंचनावर मत घेण्यासाठी मी या विभागाची शिफारस करते, आणि ती करताना विभागप्रमुख कोण आहेत हे आधी पाहावे असेही सांगते. पायांवरच्या फुगलेल्या शिरांसारख्या तक्रारींसाठी इथे थांबण्यापेक्षा बाहेर जाण्याचा हक्क वापरलेला बरा. आपल्या रुग्णालयात गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत : मधुमेही रुग्णाच्या बोटातला दाब मोजता का, बाहेरून आलेल्या स्कॅनच्या मूळ प्रतिमा कोण पाहते, आणि पाय कापण्याचा निर्णय किती जण मिळून घेतात. उत्तर देणारा माणूस अडखळला, तर दुसऱ्या माजी सैनिक रुग्णालयात बदली मागता येते. त्यासाठी रुग्णहक्क अधिकाऱ्याची खोली बहुधा मुख्य प्रवेशद्वाराजवळच असते, आणि आमच्या अनुभवात तिथे रांग नसते.